सायकलीचा उघडा भाव

पेरूचा वास घरात लपत नाही. फडक्यात गुंडाळा, धान्याच्या कोठीत दडवा, दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणाऱ्याला कळतंच की या घरात पेरू आहेत. परवा सून बाजारातून घेऊन आली. एकेका पेरूला पांढरी, मऊ जाळी चढवलेली, जणू त्याला थंडी वाजणार आहे. मी जाळी काढली, पेरू नाकाशी धरला, आणि माझे कान तापले. या वयातही तापतात. बायको होती तेव्हा म्हणायची, "पेरू खाऊन लोकांना खोकला होतो, तुम्हाला राग येतो." तिला तो राग वाटायचा. मी तिची समजूत कधी दुरुस्त केली नाही. राग एका शब्दात सांगता येतो. लाज सांगायची तर फार बोलावं लागतं.

त्याच दिवशी नातवानं सायकल मागवली. बारीक टायरांची, वाकड्या हँडलची, रस्त्यावर पळवायची. दोन आठवडे तो फोनमध्ये डोकं घालून हीच का तीच करत होता. मी विचारलं, "भाव काय ठरवलास?"

"ठरवायचा नसतो दादा. तिथं लिहिलेलाच असतो."

"मग कमी कर म्हणालास का?"

"कुणाला म्हणू?"

खरंच, कुणाला म्हणणार? समोर माणूसच नाही. मला आधी त्याची कीव आली, आणि मग, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. सायकल घ्यायची आणि कुणाच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही! हे सुख मला मिळालं असतं तर दौंडच्या स्टेशनावर मी इतकी वर्षं मान खाली घालून चाललो नसतो.

आम्ही बागवान. शिरूरच्या बाजारात चाँदमामूंचं फळांचं दुकान होतं. वडील गेल्यावर अम्मानं मला तिथं बसवलं. मामूंनी मला धंदा शिकवला असं सगळे म्हणतात, मामूही म्हणायचे. मामूंनी मला शिव्या शिकवल्या. धंदा मी त्यांच्या हातांकडे बघून चोरला.

हातांकडेच बघावं लागायचं, कारण त्या काळी मोठा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, एकजण खांद्यावरचा रुमाल दोघांच्या उजव्या हातांवर टाकायचा, आणि त्या रुमालाखाली बोटं धरून भाव बोलला जायचा. एक बोट दाबलं तर एवढे, तीन धरली तर तेवढे, पंजा धरला तर पाचाचा हिशोब. वरून दोघेही पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळायचं नाही की आत एकानं दुसऱ्याला निम्म्यानं पाडलंय. फिसकटलं तर रुमाल झटकून खांद्यावर, आणि कुणी काय मागितलं होतं हे दोघांच्या पोटात.

मला हे फार लवकर जमलं. पुढं बाजारात लोक म्हणायचे, इस्माईलची बोटं बोलतात. मी मोठमोठ्या बागाइतदारांना रुमालाखाली असे भाव दिले आहेत की तोंडानं दिले असते तर त्यांनी चपलेनं मारलं असतं. रुमालाखाली माणसाला चेहरा नसतो. तिथं मी कधी लाजलो नाही.

तो हंगाम माझा पहिला. म्हणजे माझा स्वतःचा. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या बाजूला, विठोबाआबा म्हणून एक माळी होते, त्यांची पेरूची बाग मी खोतीनं घेतली. खोती म्हणजे झाडावरचं फळ उभ्याउभ्या विकत घ्यायचं; मग राखण, तोडणी, विक्री सगळं आपलं, आणि नुकसानही आपलं. विसार म्हणून जवळ होतं नव्हतं ते आबांच्या हातावर ठेवलं. अम्माच्या हातातल्या चांदीच्या पाटल्याही त्यात गेल्या. मामूंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि बाग स्वतः घेतली असती.

पेरू हे फार अधीर फळ. संत्रं चार दिवस थांबतं. पेरू संध्याकाळी हिरवा बघून झोपावं तर पहाटे पिवळा होऊन वाट बघत असतो, आणि दुपारपर्यंत उचलला नाही तर पोपट, वटवाघळं आणि मुंग्या उचलतात. त्याला गिऱ्हाईक होतं ते दौंडला. जंक्शन स्टेशन, गाड्या थांबायच्या, इंजिनं पाणी प्यायची, माणसं हातपाय मोकळे करायला उतरायची, आणि तिखटमीठ लावलेला पेरू त्यांच्या हातात पडायचा. पण बैलगाडीनं नेलेला माल गचक्यांनी ठेचून, ऊन वर आल्यावर पोचायचा, तोवर सकाळच्या गाड्या गेलेल्या. पहाटे तोडून सकाळच्या गाडीला पोचवायचा असेल तर सायकल हवी. सायकल असली तर बाग माझी. नसली तर पेरू झाडाखाली सडणार, आणि मी पुन्हा मामूंच्या दुकानात फडकं मारायला.

मामूंची स्वतःची सायकल दुकानाच्या मागं खिळ्याला टांगलेली असायची. हंगामापुरती मागितली. मामू संत्र्यांची रास लावत होते. मान न वळवता म्हणाले, "अबे, तेरेकू सायकल कायकू? पाँव नहीं दिये अल्लाने?" दुकानातली सगळी हसली. तो राग मी अजून जपून ठेवलाय. मामूंना मातीत जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तो टांगलेल्या सायकलीचा खिळा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग मी सायकल बघायला लागलो. सायकल निवडणं ही काय चीज आहे हे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला कळायचं नाही. त्याला रंग निवडायचा असतो. मला चाक निवडायचं होतं. शिरूरच्या दुकानात नव्या सायकली उभ्या होत्या, काळ्याभोर, दांड्यांना खाकी कागद गुंडाळलेला. मी तीनचार वेळा गेलो. शेवटच्या वेळी दुकानदार म्हणाला, "हात नका लावू, घामाचे डाग पडतात." एवढं ऐकून मी परत गेलो नाही. भाड्यानं सायकली देणाऱ्यानं एक जुनी दाखवली. वरून छान रंगवलेली, पण ताजा रंग दिसला की बागवान सावध होतो; आम्हीही पेरू पुसूनच मांडतो. मी खाली बसून बघितलं. पुढचं चाक धरणारा चिमटा मोडून पुन्हा सांधलेला होता. रिकाम्या माणसाला ती चालली असती. दोन टोपल्या लादून खडीच्या रस्त्यावर मला तिनं दाताडावर पाडलं असतं. तळेगावच्या आठवडे बाजारात एकजण विकायला उभा होता, त्याची सायकल चोरीची असणार, कारण मी भाव पाडायच्या आधी त्यानंच पाडला.

फिरून फिरून मला सायकलीचं अंग कळायला लागलं. चाक फिरवून ते डुलतं का बघायचं. चेन बोटानं उचलून बघायची. रिमची वरची बाजू सगळे पुसतात, खालची बघायची. पायडलजवळ कान लावायचा. बेअरिंगचे दाणे झिजलेले असले तर दळल्यासारखा आवाज येतो. खरं तर फळासारखंच. जिथं डाग असतो तिथंच विकणाऱ्याचा अंगठा असतो.

दौंडच्या एका पेरूवाल्यानं सांगितलं, रेल्वेच्या चाळीत एक बाई सायकल विकतेय. यमुनाबाई. नवरा इंजिनावर फायरमन होता, वर्षापूर्वी वारला. तिला स्टेशनात बायकांच्या वेटिंग रूममध्ये कामाला लावून घेतलंय. सायकल विलायती बनावटीची, आणि त्या माणसानं ती बैलासारखी सांभाळलेली. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं दौंडला गेलो. सदऱ्याच्या आतल्या खिशात पंच्याऐंशी रुपये. तेवढेच होते. परतीच्या तिकिटाचे त्यातच.

थंडीतली सकाळ. रेल्वेच्या चाळी एकासारख्या एक, विटांच्या, दारापुढं कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या. त्या गावाला तेव्हा कोळशाचाच वास होता. कपड्यांना, चहाला, माणसांच्या केसांना. चाळीच्या तोंडाशी नळ आणि नळावर बायकांची रांग. यमुनाबाईंची खोली नळासमोरच. नऊवारी पातळ, कपाळ मोकळं, तिशीच्या पुढची बाई. सायकल आतून तिनं स्वतः उचलून आणली आणि ओट्याला टेकवून उभी केली.

मी बघितली आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. चांगला माल बघितला की मला अजूनही तसंच होतं. चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं, आवाज नाही, डुलणं नाही. आरे सगळे ताठ. मागं दणकट कॅरिअर, जसं हवं तसं. मी तोंड वाकडं केलं. माल आवडला की तोंड वाकडं करायचं, हे आम्ही दात यायच्या आधी शिकतो.

"रिमला गंज हाय," मी म्हणालो.

"वरीस झालं उभी हाय. मानसालाबी गंज येतो," यमुनाबाई म्हणाल्या.

"टायर गेल्यात."

"मंग नवं घाला. सायकल इकतीय मी, टायरचं दुकान न्हाई काढलं."

नळावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"घंटी वाजत न्हाई."

"तोंड हाय की तुम्हास्नी. चांगलं वाजतंय."

आता रांगच्या रांग हसली. मीही हसलो असतो, पण गिऱ्हाइकानं हसायचं नसतं. मी भाव विचारला. एकशेवीस, त्या म्हणाल्या. मी सीटवर हात ठेवून उभा राहिलो. मनात ठरवलं की सत्तरपासून सुरू करायचं आणि ऐंशीला बांधायचं. पाच तिकिटाला आणि हवापाण्याला. आणि मग, भाव बोलायची वेळ आली म्हणून, खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला, आणि तो हात यमुनाबाईंच्या पुढं केला.

मी केला असंही म्हणता येत नाही. हात आपोआप गेला. शिंक येताना तोंडावर जातो तसा. लहानपणापासून भाव म्हणजे रुमाल आणि रुमालाखाली समोरच्याचा हात. समोर कोण आहे हे हाताला कळलं नाही.

नळावरचं हसणं थांबलं. पाणी घागरीबाहेर वाहायला लागलं होतं, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. परका जवान माणूस, एकट्या राहणाऱ्या विधवेच्या दारात उभा, आणि कापड टाकून तिचा हात मागतोय. त्या बायकांना दुसरं काय दिसणार होतं? यमुनाबाई दोन पावलं मागं सरकल्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि तरीही मला कळेना काय झालंय. मी हात तसाच धरून होतो.

शेजारच्या खोलीतून एक गृहस्थ आले. पार्सलांच्या कामावर होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी माझी गचांडी धरली.

"हात धरायला आलास का रे? कोण तू?"

"सौदा करतूय, मास्तर! भाव करतूय!"

"असा भाव करतात? कुठला तू?"

"शिरूरचा. इस्माईल. बागवान."

"अस्सं," मास्तर म्हणाले, "म्हणजे..." आणि त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं. न बोललेल्या वाक्याला उत्तर नसतं, ते तसंच अंगावर राहतं. मी त्यांचा हात झटकला आणि ओरडायला लागलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बाजार, रुमाल, आमच्यात असंच असतं, असलंच काहीतरी. जितकं जोरात सांगत होतो तितकं ते घाण वाटत होतं. माणसं जमली. कामावरून सुटलेले, काळ्या कपड्यांतले, काळ्या हातांचे. एकानं शांतपणे बाह्या वर केल्या.

तेव्हा यमुनाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"सोडा त्येला, मास्तर. फळवालं असाच भाव करत्यात, रुमालाखाली. मी बाजारात बघितलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझ्यासंगं तसं चालायचं न्हाई, बागवान. हितं तोंडानं बोलायचं. किती हायेत तुझ्याजवळ?"

मघाशी 'तुम्ही' होतो, आता 'तू' झालो होतो. आणि प्रश्न असा होता की जो आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही. किती देतोस, हे विचारतात. किती आहेत, हे नाही. ते विचारणं म्हणजे भर बाजारात सदरा काढ म्हणणं.

मी खोटं बोलू शकलो असतो. सत्तर म्हणता आलं असतं. पण गचांडी धरलेल्या माणसाची अक्कल चालत नाही. त्याला एवढंच हवं असतं की आपण चोर नाही हे लोकांना पटावं. सगळे बघत होते. नळ बंद झाला होता.

"पंच्याऐंशी," मी म्हणालो. घसा बसलेला, म्हणून नीट ऐकू गेलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "किती म्हनला?" आणि मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. "पंच्याऐंशी हायेत. परतीचं तिकीट धरून."

"दिली," यमुनाबाई म्हणाल्या.

लगेच. एका श्वासात. विचार केला नाही, नाही म्हटलं नाही, शंभर तरी दे म्हटलं नाही. एकशेवीसची वस्तू पंच्याऐंशीला, जशी दारात आलेल्याला भाकरी द्यावी. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "न्हे बाबा न्हे, बाईचं मन मोठं हाय." कुणीतरी मला पाणी दिलं. तेही मी प्यालो.

नको म्हणायला हवं होतं. ओठांवर आलं होतं, मला दान नको. पण पेरू आठ दिवसांवर आले होते आणि अम्माचे हात मोकळे होते. मी पैसे ओट्यावर ठेवले. सायकल घेतली. मला चालवता येत होती, चांगली येत होती, तरी मी तिच्यावर बसलो नाही. हातानं ढकलत चाळीतून निघालो, दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं. रेल्वेचं फाटक ओलांडलं तरी बसलो नाही. तसाच चालत राहिलो. एस.टी.च्या तिकिटापुरतेही पैसे नव्हते.

शिरूरला पोचलो ते धुळीनं पांढरा होऊन. भीमा ओलांडल्यावर सायकलीवर बसलो होतो. ती अशी चालत होती की आनंद व्हायला हवा होता. मामू दुकानात होते. ते उठून बाहेर आले, जे ते कुणासाठी येत नसत. चाक फिरवलं. चेन उचलली. खालून रिम बघितली. सगळं मी बघितलं त्याच क्रमानं. शेवटी मी त्यांच्याकडूनच चोरलेलं होतं.

"कितने में?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

मामूंनी माझ्याकडे बघितलं आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बागवान का बच्चा है." आयुष्यात त्यांनी माझी केलेली ती एकच तारीफ. जिच्यासाठी मी लहानपणापासून तिष्ठत होतो, ती अशा सौद्यासाठी मिळाली जो मी केलाच नव्हता. मी म्हणालो नाही की मामू, मला कीव करून दिली. पंपानं हवा भरायच्या निमित्तानं खाली बसलो, तोंड दिसू नये म्हणून.

तो हंगाम मला अजून अंगावर जाणवतो. पहाटेचं घोडचं पाणी वाफाळलेलं, बागेत दहिवर पडलेलं, पेरू तोडताना मनगटापर्यंत हात गारठायचे. विठोबाआबा कांबळं पांघरून धुनीजवळ बसलेले. "बागवान, पाय जपा, चवाळ्यात किरडू असतं," पडलेल्या गोणपाटात साप असतो म्हणून रोज हेच सांगायचे. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी टोपल्या, वर कडुनिंबाचा पाला. मग रस्ता. उजाडताना सायकल आणि मी आणि तो वास. वाटेतली कुत्रीसुद्धा वास घेत थोडं अंतर धावायची. भीमेच्या अलीकडं ऊन लागायचं. माझा माल सगळ्यांच्या आधी फलाटावर असायचा, दहिवर न सुकलेला. अम्माच्या पाटल्या संक्रांतीच्या आत परत आल्या. माझ्या सगळ्या धंद्याची जड, म्हणजे मुळी, त्या सायकलीत आहे. लोक म्हणतात, इस्माईलशेट स्वतःच्या हिमतीवर वर आले. मीही मान हलवतो.

पण फलाटावर मी माझी टोपली इंजिनाकडच्या टोकाला मांडायचो. तिथं धूर यायचा, गिऱ्हाईक कमी यायचं. बाकीचे पेरूवाले विचारायचे, मधे का बसत नाहीस? मधे बायकांची वेटिंग रूम होती. यमुनाबाई दारात स्टुलावर बसलेल्या असायच्या, कधी कुणाचं रडतं पोर हातात. त्या दिसल्या की मी तिकीटघराच्या मागून वळसा घालायचो. पार्सलवाल्या मास्तरांनी गोष्ट गावभर केली होती. रुमालवाला म्हणून दोन वर्षं लोकांनी मला हाक मारली. दोघाचौघांशी मारामाऱ्या केल्या, एकाचा दात पाडला. त्याची मला लाज नाही. मास्तरांचाही राग आहे, पण तो साधा राग आहे, तोंड धुतलं की जातो.

राग खरा यमुनाबाईंवर होता. हे ऐकायला कसं वाटेल ते मला कळतं. जिनं मला मारापासून वाचवलं, स्वस्तात सायकल दिली, माझा हंगाम उभा केला, तिच्यावर राग. पण तिनं एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. ज्याच्याशी घासाघीस करतो त्याला आपण बरोबरीचा धरतो. मामू मला शिव्या देऊन का होईना, भाव करायचे. भिकाऱ्याशी कुणी भाव करत नाही. एकदा 'शंभर' म्हणाल्या असत्या, मी 'न्हाई' म्हणालो असतो, मग त्या नव्वदला आल्या असत्या, आणि मग मी हात जोडून पंच्याऐंशी म्हटलं असतं, तर तेच पैसे गेले असते आणि तीच सायकल आली असती. मी माणूस म्हणून चाळीबाहेर पडलो असतो.

चार हंगाम असे गेले. मग ऐकलं की यमुनाबाई नोकरी सोडून लेकीकडे मनमाडला चालल्या. ते ऐकून मला इतका राग आला की मी टोपली उचलली आणि भर दुपारी वेटिंग रूमच्या दारासमोर नेऊन ठेवली.

यमुनाबाईंनी वर बघितलं. "बागवान," त्या म्हणाल्या, "धूर संपला व्हय तिकडचा?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मला जे बोलायचं होतं त्यासाठी चार वर्षं वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"तुम्ही मला एकदा तरी न्हाई म्हणायला पायजे हुतं," मी म्हणालो.

"काय?"

"सायकलीच्या वक्ताला. मी पंच्याऐंशी म्हणालो आन् तुम्ही लगीच दिली. भीक घातल्यावानी."

"येवढ्यासाठी तू तिकीटघरामागनं चोरावानी पळत हुतास? चार वरसं?"

"व्हय."

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. "आरं येड्या, आदल्या दिवशी भंगारवाला साठ म्हणून गेलता. साठ! मला वाटलं, तू लई तर सत्तरला येशील. म्हणून तर म्हनलं, आधी तुझ्या तोंडनं काढून घ्यावं. आन् तू येकदम पंच्याऐंशी. मी भ्याले, म्हनलं ह्यो शुद्धीवर यायच्या आत 'दिली' म्हणावं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माझा धंदाच तोंडं बघायचा. कोण खरं बोलतोय, कोण चढवून सांगतोय, कुणाला गरज आहे, हे मी पापणीवरून ओळखतो, ओठाच्या कोपऱ्यावरून ओळखतो. तिथं काही दिसेना. एक दमलेली, हसून डोळ्यांत पाणी आलेली बाई, एवढंच.

"खरं सांगताय?" मी विचारलं.

यमुनाबाईंनी वाकून टोपलीतला एक पेरू उचलला, दाबला, वास घेतला. "कसं दिलं?"

मी भाव सांगितला. रोजचाच.

"न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या.

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई. असल्या खरबुड्या पेरवाला कोन देतंय तेवढं? निम्म्यानं दे."

"खरबुडा? बाई, डोळं तपासा! घोडच्या पाण्याचा माल हाय ह्यो!"

"घोडचा आसू दे न्हाईतर गंगेचा. आळी हाय का न्हाई ते तू आत शिरून बघितलंस व्हय?"

माझं डोकं तापलं. मी ओरडलो, त्याही ओरडल्या. फलाटावरचे हमाल थांबून बघायला लागले. मी एक पैसा उतरलो की त्या टोपलीकडे पाठ फिरवायच्या, दोन पावलं जायच्या, आणि मी हाक मारायचो. मनमाडकडून गाडी आली, थांबली, तरी आमचं संपेना. शेवटी त्यांनी मला बागेत पडलेल्या भावाच्याही खाली पदरभर पेरू नेले, आणि वर दोन उचलले. कपाळावरचा घाम पुसत मी उभा होतो. चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. माझे पेरू मातीमोल नेणाऱ्या बाईकडे बघून मी चक्क हसत होतो.

गाडीनं शिट्टी दिल्यावर माझ्या ध्यानात आलं, की माझ्या 'खरं सांगताय?' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. पण गाडीतून उतरलेल्या बायका, पोरं, ट्रंका वेटिंग रूमच्या दारात दाटल्या होत्या, आणि त्यांच्यात यमुनाबाई, पदर पोटाशी धरून, "वाट सोडा, वाट सोडा," म्हणत आत शिरत होत्या.